विकत घेणे आणि पाहणे : 'डेकालॉग'च्या निमित्ताने

चित्रपट ही घरात ठेवता येण्याजोगी वस्तू झाली, त्याला आता पुष्कळ वर्षे लोटली. आरंभी व्हीसीआर भाड्याने येई आणि त्याबरोबर आणलेल्या दोन-तीन कॅसेटी एका रात्रीत संपवण्याची घाई असे. पुढे व्हीसीडीच्या तबकड्या आल्या, त्यांच्यामागून डीव्हीडी आणि ब्लू-रे आले. आणि आता तबकडीचीही गरज उरलेली नाही. दूरचित्रवाणी संचावरील एखादे ॲप उघडावे, 'खरेदी करा' या अक्षरांवर रिमोटची कळ दाबावी, की चित्रपट आपला झाला अशी आपली समजूत होते. या सगळ्या स्थित्यंतरात चित्रपटाविषयीचे आपल्या घरांतील बोलणे मात्र फारसे बदललेले नाही. कोणता चित्रपट चांगला, कोणता वाईट, मुलांनी काय पाहावे आणि काय पाहू नये, एवढेच प्रश्न आपण विचारीत आलो. ते प्रश्न योग्यच आहेत. परंतु विकत घेतलेला चित्रपट घरच्या पडद्यावर पाहणे म्हणजे नेमके काय करणे, त्यात आपल्या हाती काय येते आणि काय येत नाही, या प्रश्नाकडे आपले लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचा विचार एका कलाकृतीच्या आधाराने करू इच्छितो.

ती कलाकृती म्हणजे पोलिश दिग्दर्शक क्रिश्तॉफ किश्लोव्स्की यांची 'डेकालॉग' ही दहा चित्रपटांची मालिका. दहा आज्ञा, दहा चित्रपट. प्रत्येकाची लांबी तासाभराच्या आतबाहेर. १९८८च्या सुमारास तिचे चित्रीकरण झाले आणि डिसेंबर १९८९पासून ती पोलंडच्या दूरचित्रवाणीवरून दाखवण्यात आली. तिची निवड करण्यामागे आमचे मुख्य कारण हेच आहे, की ती मुळात घरच्या पडद्यासाठी निर्माण झाली. चित्रपटगृहासाठी काढलेला भव्य चित्रपट घरी पाहताना काहीतरी उणे पडते, अशी तक्रार रसिक करतात. 'डेकालॉग'बाबत ती करता येत नाही. वॉर्सा शहरातील एक राखाडी गृहसंकुल, त्यातील घरे, स्वयंपाकघरे, जिने, उद्वाहने आणि खिडक्या हे तिचे विश्व आहे. आणि ज्या प्रेक्षकांसाठी ती रचली, तेही तशाच घरांत बसून ती पाहणार होते.

या मालिकेची कल्पना किश्लोव्स्की यांचे सहलेखक क्रिश्तॉफ पिएशेविच यांची. ते व्यवसायाने वकील. १९८४मध्ये फादर येर्झी पोपियेलुश्को यांची हत्या झाली, तिच्या खटल्यात मारेकऱ्यांच्या विरुद्ध बाजूने उभे राहिलेल्या वकिलांत ते होते. किश्लोव्स्की हे माहितीपटांच्या शाळेत तयार झालेले. चर्चच्या नित्य आचारात वावरणारे नव्हेत. लष्करी कायद्याचे दिवस पाहिलेल्या, थकलेल्या, एकमेकांकडे संशयाने पाहणाऱ्या समाजात या दोघांनी दहा आज्ञांचा विषय हाती घेतला, तो उपदेश करण्यासाठी नव्हे. कोणत्याही चित्रपटाच्या शीर्षकात आज्ञा उच्चारलेली नाही. तिथे आहे केवळ आकडा. हा आकडा कॅथलिक परंपरेतील क्रमाचा आहे. कोणती आज्ञा कुठे मोडली आणि कुठे पाळली गेली, हे प्रेक्षकाने स्वतः शोधायचे. आणि पुष्कळदा असे आढळते, की एकाच प्रसंगात तीन आज्ञा एकमेकींत गुंतल्या आहेत. १९९५मध्ये, चित्रपटकलेच्या शताब्दीच्या निमित्ताने, व्हॅटिकनने पंचेचाळीस चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन भाग होते. 'डेकालॉग'चा समावेश त्यात 'मूल्ये' या भागात झाला, तो यथार्थच होय.

दहाही चित्रपटांचा परामर्श घेण्याचा आमचा हेतू नाही. पहिला, सहावा आणि दहावा या तिघांपुरते आम्ही बोलणार आहोत. पडदा, पाहणे आणि मालकी हे आपल्या प्रश्नाचे तीन पैलू या तीन चित्रपटांत क्रमाने येतात.

पहिल्या चित्रपटात प्राध्यापक असलेला एक पिता आणि त्याचा लहानगा पुत्र पावेल यांचे घर आहे. घरात संगणक आहे. पितापुत्र मिळून त्याच्याकडून नाना उत्तरे काढतात. मेलेले कुत्रे पाहून अस्वस्थ झालेला पावेल मरणाविषयी विचारतो, तेव्हा पिता शरीराच्या क्रिया थांबण्याची शास्त्रीय माहिती देतो. श्रद्धावान आत्या इरेना त्याला जवळ घेते आणि त्या मिठीत जे जाणवते त्याच्याशी देवाचे नाव जोडते. तळ्यावरील बर्फ किती जाड झाला असेल याचे गणित संगणकावर मांडले जाते. उत्तर निर्धोक येते. पिता एवढ्यावर थांबत नाही. रात्री स्वतः बर्फावर चालून खात्री करून घेतो. तो बेपर्वा बाप नव्हे, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. तरीही बर्फ फुटतो आणि पावेल जातो. ही विज्ञानाला दिलेली शिक्षा आहे, असा सोपा अर्थ काही धार्मिक प्रेक्षक काढतात. आम्हांस तो मान्य नाही. शोकाने वेडावलेला पिता बांधकाम चालू असलेल्या चर्चमध्ये येऊन वेदी उलथवतो. मेणबत्तीचे मेण चेन्स्तोहोव्हाच्या मातेच्या चित्रावर ओघळते आणि तिच्या गालावरून अश्रू वाहत असल्याचा भास होतो. पवित्र पाण्याचा गोठलेला तुकडा उचलून तो कपाळाशी धरतो. जो देव त्याला शिक्षा करणारा असता, त्याच्या घरात माता अशी रडली नसती.

याच चित्रपटाच्या आरंभी आणि अखेरीस दूरचित्रवाणीचा पडदा आहे. दुकानाच्या काचेमागील संचावर शाळेतल्या मुलांचे चित्रण चालू आहे. त्यात पावेल धावताना दिसतो आणि रस्त्यावर उभी असलेली आत्या ते पाहून रडते. ती का रडते, हे प्रथम पाहणाऱ्याला ठाऊक नसते. चित्रपट संपतो तो त्याच पडद्यावरील पावेलच्या अस्पष्ट, थिजलेल्या चेहऱ्यावर. मुलगा गेला, त्याचे चित्र राहिले. ज्यांनी विवाहाच्या किंवा बाप्तिस्म्याच्या जुन्या चित्रफिती जपून ठेवल्या आहेत, त्यांना या दृश्याचे मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पडदा माणसाला राखून ठेवतो आणि तरीही परत देत नाही. घरच्या पडद्यासाठी मालिका रचणाऱ्या दिग्दर्शकाने पहिल्याच भागात घरच्या पडद्याची ही मर्यादा दाखवून ठेवावी, यात त्याचा प्रामाणिकपणा आहे.

आपल्या बहुतेक घरांत दर्शनी खोलीतच वेदी असते आणि तिच्या शेजारी किंवा समोरच्या भिंतीवर दूरचित्रवाणी संच असतो. सायंकाळची रोझरी आणि सायंकाळची मालिका यांची ओढाताण आपण गेली कित्येक वर्षे अनुभवीत आहोत. ती ओढाताण वेळेची होती. कार्यक्रम ठरल्या वेळी लागे आणि ठरल्या वेळी संपे. विकत घेतलेल्या चित्रपटाने ती संपवली, कारण तो केव्हाही लावता येतो. पण तेवढ्याच सहजतेने तो केव्हाही पुढे ढकलता येतो. हक्काचे आहे, कधीही पाहू, या विचाराने घेतलेले किती चित्रपट अद्याप न पाहिलेले आहेत, हे प्रत्येक कुटुंबाने एकदा मोजून पाहावे. आणि लावला तरी काय? मध्येच दूरध्वनी येतो, कोणी भाजी ढवळून येतो, कोणी हातातील मोबाइलमध्ये दुसरेच काही पाहत असतो. पडदा चालू असतो. पाहणारे हजर असतात असे नाही.

सहाव्या चित्रपटाचा विषय हा पाहण्याचाच आहे. तोमेक हा एकोणीस वर्षांचा टपाल कर्मचारी समोरच्या इमारतीतील माग्दा हिच्या घरात दुर्बिणीतून डोकावतो. ती घरी येण्याची वेळ साधून त्याने गजराचे घड्याळ लावून ठेवलेले असते. इतर जण जसा आवडीचा कार्यक्रम वेळेवर लावतात, तसा तो तिच्या खिडकीसमोर बसतो. त्या चौकटीतील आयुष्य आपल्यासाठीच चालले आहे, असे त्याला वाटू लागते. या चित्रपटात निंद्य काय आहे ते उघड आहे. पण दिग्दर्शक तिथे थांबत नाही. तोमेक जे पाहतो, त्यात माग्दाचे एकाकी रडणेही येते आणि त्या रडण्याने तो हलतो. जिच्याकडे त्याने चोरून पाहिले, तिला एक दिवस सारे सांगून टाकण्याचे धैर्य त्याच्यात येते. तिने केलेली अवहेलना त्याला मृत्यूच्या दारापर्यंत नेते. तो वाचतो, आणि अखेरीस आपण आता डोकावत नाही, एवढेच तिला सांगतो. दुसऱ्याच्या दुःखाकडे करमणुकीसाठी पाहणे आणि त्या दुःखाने आपण बदलणे, यांतील अंतर या एका तासात आखून दिलेले आहे. घरच्या पडद्यासमोर रोज बसणाऱ्या आपणां सर्वांना हा चित्रपट उद्देशून आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पाहणाऱ्याची आणखी एक प्रतिमा या मालिकेत आहे. दहांपैकी आठ चित्रपटांत एक तरुण दिसतो. तो एक शब्दही बोलत नाही. पहिल्या चित्रपटात तो गोठलेल्या तळ्याकाठी शेकोटीशी बसलेला असतो, दुसऱ्यात रुग्णालयात काम करतो, तिसऱ्यात ट्राम चालवतो. निर्णयाच्या क्षणी तो पात्रांकडे पाहतो आणि निघून जातो. कोणी त्याला देवदूत म्हटले, कोणी सद्सद्विवेकबुद्धी. तो काहीच थांबवीत नाही, म्हणून काहींना त्याचा रागही येतो. आमच्या मते त्याच्या नजरेत दोन गोष्टी एकत्र आहेत : तो हस्तक्षेप करू शकत नाही आणि तो नजर वळवीत नाही. प्रेक्षकाची अवस्था याहून वेगळी नसते. पडद्यावरील पावेलला आपण हाक मारून थांबवू शकत नाही. आपल्या हाती असते ते केवळ नीट पाहणे.

आता मालकीकडे वळू. दहावा चित्रपट हा या गंभीर मालिकेतील विनोदी चित्रपट आहे. येर्झी आणि आर्तूर या दोघा भावांचा पिता वारतो आणि त्यांच्यासाठी तिकिटांचा अमूल्य संग्रह ठेवून जातो. या छंदापायी पित्याने घराचे हाल केले. मुलांना त्याचे प्रेम कधी लाभले नाही. आरंभी संग्रह विकून मोकळे व्हावे, असे भावांना वाटते. परंतु मोल कळताच तेही त्या वेडात सापडतात. खिडक्यांना गज लागतात, धोक्याची घंटा बसते, दाराशी कुत्रा येतो. एका दुर्मीळ ऑस्ट्रियन तिकिटाच्या मोबदल्यात येर्झी आपले मूत्रपिंड देतो. आणि तो शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात असताना चोर सारा संग्रह नेतात. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांवर संशय घेऊन स्वतंत्रपणे पोलिसांकडे कुजबुजतात. अखेरीस दोघांनीही टपाल कार्यालयातून तीच साधी, नवी तिकिटे विकत घेतली आहेत, असे त्यांना आढळते आणि ते खळखळून हसतात. परधनाच्या लोभाविषयीची आज्ञा इथे स्वतःच्याच धनाच्या लोभावर येऊन ठेपते. संग्रह घरात असताना त्यातील एकाही तिकिटाकडे प्रेमाने पाहण्यास त्यांना सवड नव्हती, हे चित्रपट न बोलता दाखवतो.

या भावांकडे निदान चोरीला जाण्याजोगे काही होते. आपण ॲपवर 'खरेदी' केलेला चित्रपट पाहू गेल्यास स्थिती निराळी आहे. त्या व्यवहारात बहुधा आपल्याला मिळतो तो चित्रपट पाहण्याचा परवाना. चित्रपट राहतो कंपनीच्या संगणकांवर. कंपनीचा निर्मात्याशी झालेला करार संपला, की तो आपल्या यादीतून नाहीसा होऊ शकतो. ही केवळ भीती नव्हे. २००९मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडल यंत्रांवरून विकत घेतलेली काही पुस्तके परस्पर काढून घेऊन पैसे परत केले. त्यांत जॉर्ज ऑर्वेल यांची '१९८४' ही कादंबरी होती. २०२२मध्ये सोनीच्या प्लेस्टेशनने जर्मनी आणि ऑस्ट्रिया येथील ग्राहकांना कळवले, की स्टुडिओकॅनल या संस्थेचे त्यांनी विकत घेतलेले चित्रपट ऑगस्टअखेर त्यांच्या संग्रहातून काढले जातील. २०२३च्या डिसेंबरात डिस्कव्हरीच्या कार्यक्रमांबाबतही तशीच सूचना निघाली. पुढे ती मागे घेण्यात आली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४मध्ये कायदा करून, ग्राहकाला केवळ परवाना मिळणार असल्यास ते स्पष्ट न सांगता 'खरेदी' हा शब्द वापरण्यास मनाई केली. १ जानेवारी २०२५पासून तो कायदा अमलात आला. शब्द सत्य असावा, ही आठव्या आज्ञेची मागणी विधिमंडळाला कायद्याने करावी लागली, असे म्हणता येईल.

वारशाचा प्रश्न तर अधिकच बोचरा आहे. दहाव्या चित्रपटातील पित्याचा संग्रह त्याच्या मुलांकडे आला. कपाटातील डीव्हीडीदेखील अशाच मुलांकडे जातात. ॲपवरील खाते मात्र एका व्यक्तीच्या नावाचे असते आणि बहुतेक कंपन्यांच्या शर्तींनुसार तो परवाना दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. आजोबांनी आयुष्यभर निवडून घेतलेले चित्रपट त्यांच्या परवलीच्या शब्दाबरोबरच जाण्याची शक्यता असते. तबकडी निर्दोष आहे असेही नाही. डीव्हीडीसाठी उत्पादकांनी जगाची विभागणी केली. अमेरिका पहिल्या विभागात, भारत पाचव्या. अमेरिकेत प्रामाणिकपणे विकत घेऊन नातलगाने पाठवलेली तबकडी आपल्या यंत्रात चालेलच, याची शाश्वती नसते. यावर कोणी म्हणेल, की मग विकत तरी कशाला घ्यावे; फुकट मिळते ते पाहावे. हा युक्तिवाद आम्हांस अमान्य आहे. कलावंताच्या श्रमाचे मोल न देणे ही चोरीच; व्यापाऱ्याचा करार अपुरा असल्याने ती पुण्य ठरत नाही. आपल्या देशात २०२३च्या चलच्चित्र दुरुस्ती कायद्याने चोरट्या प्रतींबद्दल तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केलेली आहे. पैसे द्यावेत, परंतु पैसे देऊन नेमके काय घेतले, हे जाणून द्यावेत.

एवढे सांगितल्यावर विकतच्या चित्रपटाचे गुणही सांगणे न्याय्य ठरेल. संपूर्ण संच हाताशी असला, की 'डेकालॉग'ची आंतरिक वीण दिसू लागते. आठव्या चित्रपटात झोफिया या नीतिशास्त्राच्या प्राध्यापिकेच्या वर्गात एक विद्यार्थिनी जो पेच मांडते, तो दुसऱ्या चित्रपटाचाच असतो. त्याच आठव्यात एक वृद्ध शेजारी झोफियाला आपली नवी तिकिटे कौतुकाने दाखवतो. दहाव्यात तोच पिता मृत झालेला असतो. सहाव्यातील तोमेक दहाव्यात टपाल कार्यालयाच्या खिडकीपाशी पुन्हा दिसतो. एकाच्या घरातील आयुष्यमरणाचा प्रश्न शेजारच्या घरी केवळ ऐकीव गोष्ट असतो, हे सत्य या धाग्यांतून ध्यानी येते. आठवड्याआठवड्याने किंवा दीर्घ खंडाने प्रक्षेपण पाहणाऱ्याच्या हातून हे धागे निसटणे स्वाभाविक होते. शिवाय पाचव्या आणि सहाव्या भागांची चित्रपटगृहांसाठी केलेली दीर्घ रूपे १९८८मधीलच आहेत; सहाव्याचा शेवट दोन्ही रूपांत वेगळा आहे. ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली असता दिग्दर्शक कोठे दया दाखवतो आणि कोठे हात आवरतो, याचा चांगला अभ्यास होतो.

भाषेचाही मुद्दा आहे. चित्रपट पोलिश भाषेत. खाली इंग्रजी ओळी. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना त्या वाचता येतातच असे नाही. चित्रपटगृहात त्यांची सोय झाली नसती. घरी नातवंडाने चित्रपट थांबवून आजीला दोन वाक्यांत मराठीत अर्थ सांगावा, यात कसलाही रसभंग नाही. उलट सांगण्यासाठी नातवंडाला तो अर्थ आधी स्वतः समजून घ्यावा लागतो. थांबवण्याची कळ अशा कामासाठी आहे.

पाहण्याच्या तांत्रिक बाजूकडे आपल्याकडे दुर्लक्ष होते, म्हणून दोन शब्द. 'डेकालॉग' जुन्या, जवळजवळ चौरस पडद्यासाठी, म्हणजे चारास तीन या प्रमाणात चित्रित झाला. आजचे संच सोळास नऊ प्रमाणाचे, रुंद असतात. त्यामुळे चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात. हा दोष समजून पुष्कळजण चित्र ताणतात किंवा मोठे करून पडदा भरतात. ताणल्यास चेहरे फुगतात. मोठे केल्यास चित्राचा वरचा-खालचा मिळून चौथा हिस्सा कापला जातो. नऊ छायालेखकांनी तोलून बसवलेली चौकट आपण रिमोटने मोडतो. पाचव्या भागात छायालेखक स्वावोमिर इजिआक यांनी हिरवट गाळण्या वापरून शहराला आजारी, मळकट रंग दिला आहे. संचावरील रंग खुलवणारी व्यवस्था चालू ठेवली, तर तो हेतू धुऊन जातो. हालचाल गुळगुळीत करणारी जी सोय नव्या संचांत असते, तीही चित्रपटापुरती बंद करावी. पट्ट्या राहू द्याव्यात, खोलीतला दिवा मंद करावा.

मालिका निर्दोष आहे, असा आमचा दावा नाही. योगायोगांवरील भिस्त काही ठिकाणी जड होते. मूक तरुणाचे येणे एक-दोन भागांत पूर्वयोजित वाटते. नवव्या भागात पतिपत्नींच्या संशयाचा ताण अखेरीस अतिनाट्याकडे झुकतो. आज्ञा आणि कथा यांचा मेळ काही वेळा इतका सैल आहे, की आकडा बदलला तरी फारसे बिघडणार नाही. झ्बिग्न्येव्ह प्राइसनर यांचे मितभाषी संगीत मात्र अशा सांध्यांवर सावरून घेते. एवढ्या मर्यादा ध्यानात घेऊनही, घरच्या पडद्यासाठी झालेल्या कामात याच्या तोडीचे फार थोडे आहे, असे आमचे मत आहे.

कुटुंबांना काही सूचना कराव्याशा वाटतात. दहाही चित्रपट सर्वांसाठी नाहीत. पाचव्यातील खून आणि फाशी ही दोन्ही दृश्ये अत्यंत दाहक आहेत. याच कथेच्या दीर्घ रूपाला १९८८मध्ये कान येथे परीक्षक मंडळाचे पारितोषिक मिळाले. देहदंड स्वीकारार्ह नाही, असा बदल पोप फ्रान्सिस यांनी २०१८मध्ये धर्मशिक्षणग्रंथात केला. त्यामागील भूमिका ज्यांना समजून घ्यायची आहे, त्या प्रौढांनी हा भाग अवश्य पाहावा, परंतु मुलांसमवेत नव्हे. दुसरा, चौथा, सहावा आणि नववा हेही प्रौढांसाठीच. पहिला आणि आठवा मोठ्या मुलांसह पाहता येतील. आठव्यात, महायुद्धाच्या काळात आसरा नाकारल्या गेलेल्या ज्यू मुलीची कथा आहे आणि तिच्यावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पावेलच्या मृत्यूनंतर मुलांचे प्रश्न येतील; त्यांना घाईने उत्तरे देऊ नयेत. एका बैठकीत एकच भाग पाहावा. आणखी एक गोष्ट : घरगुती वापरासाठी घेतलेली तबकडी किंवा ॲपवरील परवाना धर्मग्रामाच्या सभागृहात जाहीर खेळ करण्यास पुरत नाही. त्यासाठी हक्कधारकाची स्वतंत्र परवानगी लागते. कार्य सत्कार्य असले तरी हा नियम सुटत नाही.

पोप पायस बारावे यांनी असिसीच्या संत क्लारेला दूरचित्रवाणीची आश्रयदात्री म्हणून घोषित केले, हे पुष्कळांना माहीत असेल. नाताळच्या रात्री आजारपणामुळे अंथरुणास खिळलेल्या क्लारेला चर्चमधील उपासना आपल्या खोलीतच दिसली आणि ऐकू आली, अशी परंपरा आहे. तिच्याकडे संच नव्हता, निवड नव्हती, थांबवण्याची कळ नव्हती. तिथे जाण्याची तळमळ मात्र होती आणि जे दिसले, त्याकडे तिचे सारे चित्त लागले होते. आपल्या दर्शनी खोलीत आज सर्व साधने आहेत. पैसे देऊन आपण त्या साधनांचा काही काळापुरता वापर मिळवतो. आपले म्हणावे असे जे उरते, ते तासभर स्थिर बसून, एकत्र पाहून आणि नंतर जेवणाच्या वेळी त्यावर बोलून मिळवावे लागते. कंपनीने उद्या यादीतून चित्रपट काढून घेतला, तरी आजीने तोमेकविषयी काय म्हटले आणि मुलाने पावेलच्या बापाविषयी काय विचारले, हे तिला काढून नेता येणार नाही. येत्या पावसाळ्यात, संध्याकाळी बाहेर पडणे कठीण असते त्या दिवसांत, एखाद्या कुटुंबाने पहिला भाग लावून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.